परसातल्या फुलांसाठी लेन्स: 50 घेऊ, मॅक्रो घेऊ, की आहे त्यातच भागवू?

परसातली (फोंडा):

नमस्कार. माझ्याकडे कॅनन 1500डी आहे आणि त्याच्यासोबत आलेल्या दोन लेन्स, 18-55 आणि 55-250, दोन्ही आयएस टू (हाताचा धक्का सावरणाऱ्या). बांदोड्याला सासूबाई राहतात. त्यांच्या परसातली फुलं मला नीट टिपायची आहेत. रोजच्या पूजेला त्या बाजारातून एक फूल आणत नाहीत. लाल जास्वंद, पिवळी जास्वंद, अबोली, जाई, मोगरा, अनंत, गोकर्ण, पांढरा चाफा, तुळशीची मंजिरी, सगळं घरचं. पावसात कुंपणावर कळलावी चढते, तीही हवी आहे, कारण चवथीला माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधताना तिचा मान असतो आणि ती कुठून कशी काढायची ते आमच्या घरात फक्त त्यांनाच ठाऊक आहे. ह्या सगळ्याचं 12 बाय 18 इंचांचं कॅलेंडर करून त्यांना द्यायचं आहे, महिन्याला एक फूल.

अडचण जागेची. एका बाजूला चिऱ्यांची भिंत, दुसऱ्या बाजूला बांय (विहीर), मागे पाण्याची निळी टाकी आणि कपड्यांची दोरी. जास्वंदीचा फोटो काढला की पाकळ्यांच्या मागून टाकी डोकावतेच. फार जवळ गेलं तर फोकस होत नाही आणि शटर दबत नाही.

मडगावात एका दुकानात विचारलं. ते म्हणाले, 50 एमएम एफ 1.8 घ्या, मागचं सगळं पुसून जातं, फुलांना सगळे हीच घेतात. ऑफिसातला एक जण म्हणतो, मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी लेन्स) नसेल तर फुलांच्या वाटेला जाऊच नये. मी आतापर्यंत ह्या पाहिल्या: 50 एसटीएम, तोंडाशी दिवे असलेली 35 मॅक्रो, 60 मॅक्रो, टॅमरॉनची 90 आणि कॅननची 100 एल मॅक्रो. शेवटची नवी घेणं झेपणार नाही, वापरलेली मिळाली तर विचार करेन.

ह्या फुलांना, ह्या जागेत, ह्यांतली कोणती बरी? एकाच फुलावर दोन-तीन लेन्स लावून पाहिलेल्या कोणी सांगितलं तर फार बरं होईल.


बार्देसचा:

100 एल. दुसरा विचार करू नका. एकास एक मोठेपणा मिळतो, म्हणजे फूल सेन्सरवर खऱ्या मापाचं उमटतं, तरी लेन्सच्या तोंडापासून फुलापर्यंत 13-14 सेंटिमीटर मोकळे राहतात, त्यामुळे फुलावर बसलेली मधमाशी उडत नाही. हात डावी-उजवीकडे सरकला तर तोही हलका धक्का ही लेन्स सावरते, साध्या आयएसला ते जमत नाही. 2009 पासूनची लेन्स आहे, त्यामुळे वापरलेली मिळते. एक लक्षात ठेवा, आरएफ माउंटची (जोडणीची) लेन्स तुमच्या कॅमेऱ्याला बसत नाही. ईएफ किंवा ईएफ-एस हीच अक्षरं बघून घ्या.


कुळागरातला (सावईवेरें):

ताई, लेन्सचं नाव ठरवण्याआधी एक फूटपट्टी घेऊन परसात जा आणि प्रत्येक फूल मोजा. मी मनापासून सांगतो, ह्या प्रश्नाचं निम्मं उत्तर फुलाच्या मापात आहे आणि ते कोणी सांगत नाही.

तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर 22.3 बाय 14.9 मिलिमीटरचा. प्रत्येक लेन्सच्या माहितीपत्रकात मॅग्निफिकेशनचा एक आकडा असतो. 14.9 ला त्या आकड्याने भागा. सगळ्यांत जवळून फोटो काढला तर चौकटीच्या उंचीत किती मिलिमीटर मावतात ते कळेल. तुमच्या 18-55 चा आकडा 0.34, म्हणजे 44 मिलिमीटर. 55-250 चा 0.31, म्हणजे 48 मिलिमीटर. दुकानदाराने सांगितलेल्या 50 एसटीएमचा 0.21, म्हणजे 71 मिलिमीटर. आता बघा, पैसे मोजून घेतलेली 50 तुमच्या घरच्या दोन्ही लेन्सपेक्षा फुलाच्या कमी जवळ जाते. माणसांच्या फोटोला ती उत्तम आहे. मोगऱ्याला ती घेऊन तुमचं काही वाढणार नाही.

जास्वंद दहा-बारा सेंटिमीटरची असते. तिला 0.12 पुरे. अनंत, चाफा, गोकर्ण ह्यांनाही मॅक्रो लागत नाही. अबोलीचं एक फूल तीनेक सेंटिमीटर, ते 18-55 वर चौकटीची दोन तृतीयांश उंची भरतं. तुमच्या यादीत मॅक्रो खरोखर मागणारी वस्तू एकच, तुळशीची मंजिरी. तिचं फूल अर्ध्या सेंटिमीटरचं, आणि त्यातला केसर बघायचा तर एकास एक हवंच.

आता टाकी. तुमची खरी अडचण ती आहे, आणि तिच्यावरचा उपाय तुमच्या बॅगेत पडून आहे.

समजा, जास्वंद चौकटीत सारख्याच आकाराची ठेवायची आणि टाकी फुलाच्या तीन मीटर मागे आहे. 50 लावली तर तुम्ही फुलापासून साधारण अर्ध्या मीटरवर उभ्या राहाल आणि फुलामागचा दीड मीटर रुंदीचा पट्टा चौकटीत येईल. टाकी, दोरी, दोरीवरचा टॉवेल, सगळं त्यात. 100 मॅक्रोने एक मीटरवर उभ्या राहाल, मागचे नव्वद सेंटिमीटर दिसतील. 55-250 पूर्ण 250 वर नेली तर अडीच मीटर मागे यावं लागेल, पण फुलामागचा फक्त अर्धा मीटर दिसेल. अर्ध्या मीटरची स्वच्छ हिरवी जागा कुठल्याही परसात सापडते. दीड मीटरची शोधायला गेलात तर झाडं तोडावी लागतील.

दुकानदार म्हणाला ते पुसून जाणंही तपासून बघू. धूसरपणा नुसत्या एफ नंबरवर ठरत नाही. फोकल लेंग्थला (लेन्सच्या नावातल्या 50, 250 ह्या आकड्याला) एफ नंबरने भागलं की लेन्समधल्या भोकाची रुंदी निघते. 50 भागिले 1.8 म्हणजे 28 मिलिमीटर. 250 भागिले 5.6 म्हणजे 45 मिलिमीटर. वरच्या मांडणीत, टाकी तीन मीटर मागे धरून, दोघींनी दिलेला धूसरपणा जवळजवळ सारखाच येतो. पण 50 एफ 1.8 वर फुलाचा जेमतेम अर्धा सेंटिमीटर फोकसमध्ये राहतो, 250 एफ 5.6 वर दीड सेंटिमीटरहून जास्त. जास्वंदीला हा फरक जीवघेणा आहे. मधला दांडा पुढे आलेला, त्याच्या अंगाला पिवळे पुंकेसर, टोकाला पाच लाल गोंडे. समोरून 1.8 वर काढलं तर गोंडे टोकदार आणि पाकळ्या लापशी. बाजूने काढा, दांडा सेन्सरला समांतर ठेवा, 250 वर एफ 8 ठेवा. टोकापासून खालपर्यंत सगळे केसर मोजता येतील.

अडीच मीटर मागे जायला जागा नसेल तर 150-200 वर थांबा, तरी 50 पेक्षा बरंच साफ दिसेल. ही 55-250 एक मीटर दहा सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही, आणि ते अंतर सेन्सरपासून मोजायचं. कॅमेऱ्याच्या डोक्यावर वर्तुळातून आडवी रेघ गेलेली खूण आहे ना, ती सेन्सरची जागा. शटर दबत नव्हतं त्याचं कारण बहुतेक हेच.

मंजिरीसाठी नवी लेन्स घेण्याआधी क्लोज-अप भिंग बघा. रेनॉक्स डीसीआर-150 नावाचं चिमट्यासारखं लागणारं भिंग 52 ते 67 मिलिमीटरच्या फिल्टर थ्रेडला बसतं, तुमच्या 55-250 चा थ्रेड 58. ताकद 4.8 डायॉप्टर. 250 वर, फोकस सगळ्यांत लांबच्या टोकाला (∞) ठेवून, फुलापासून वीसेक सेंटिमीटरवर 1.2 पट मोठेपणा मिळतो. म्हणजे उंचीत 12 मिलिमीटर, 100 एल पेक्षाही जास्त. झूम 250 वरून कमी केली की कोपरे काळे पडतात, तेव्हा 250 च्या टोकालाच राहायचं. एवढ्या मोठेपणाला एफ 11 वरही खोली एक मिलिमीटरच्या आत येते, मग ऑटोफोकसवर भरवसा ठेवू नका. लेन्सवरचं बटण एमएफवर करा, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करा आणि कॅमेरा सावकाश पुढे-मागे सरकवून फोकस धरा. ट्रायपॉड लागेल.

तरी मॅक्रो घ्यायचीच असेल तर तुमच्या परसात 35 मला नको वाटते. दिवे चांगले आहेत, पण एकास एकला तोंड फुलापासून तीन सेंटिमीटरवर येतं आणि रुंद कोनामुळे टाकी पुन्हा हजर. 60 हलकी आणि गोड लेन्स आहे, नऊएक सेंटिमीटर अंतर ठेवते. माझी निवड टॅमरॉन 90. बार्देसच्या बाबांनी सांगितलेली 100 एल अप्रतिमच आहे, प्रश्न एवढाच की यादीतल्या एका मंजिरीसाठी तेवढे पैसे घालायचे का.


सांजजाई (म्हार्दोळ):

जाईबद्दल मला बोलू द्या, कारण आमच्या गावची ओळखच ती. म्हाळसेच्या देवळात जायांची पूजा होते तेव्हा सगळा गाव त्या वासात असतो. पण ह्याच जाईचा दिवसा काढलेला फोटो कधी खरा वाटत नाही. कळ्या दुपारी खुडतात, त्या उमलतात सांजावल्यावर. झाडावर पूर्ण उमललेली जाई ताजी पाहायची तर दिवेलागणीला जायला हवं, आणि तेव्हा 250 एफ 5.6 ला उजेड पुरत नाही.

मी काय करते ते सांगते. उमलायला आलेली एक फांदी देठासकट कापून तांब्यात ठेवायची आणि तांब्या बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत), खांबाच्या आडोशाला. वारा लागत नाही, उजेड एकाच बाजूने येतो, मागे घराच्या आतला काळोख. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ 100, दोन सेकंदांचा टायमर. मग शटर अर्धा सेकंद उघडं राहिलं तरी बिघडत नाही. पांढऱ्या फुलाला कॅमेरा फसतो आणि मागचा काळोख बघून फूल जाळतो, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप खाली, म्हणजे उजेड निम्मा. पाकळीवरच्या शिरा दिसायला लागल्या की बरोबर झालं म्हणायचं.

50 बद्दल थोडं वेगळं मत. ज्यांच्याकडे ती आधीपासून आहे त्यांनी 36 मिलिमीटरची एक्स्टेंशन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसणारी नळी) लावून पाहावी. ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंग्थ म्हणजे 0.72, त्यात लेन्सचे 0.21, एकूण 0.93. जवळपास मॅक्रोच. ट्यूबमध्ये काच नसल्याने लेन्सचा नितळपणा तसाच राहतो. उजेड मात्र जवळजवळ दोन स्टॉप कमी होतो आणि ट्यूब लावून लांबचं काहीच दिसत नाही. विजेच्या जोडण्या असलेली ट्यूब घ्या. नुसती पोकळ नळी घेतली तर कॅननवर एफ नंबर बदलता येत नाही. परसातलीताईंकडे 50 नाही, त्यांनी ह्यासाठी मुद्दाम घेऊ नये, इथे मी कुळागरातल्यांशी सहमत आहे.


परसातली (फोंडा):

सगळ्यांची आभारी आहे. फूटपट्टी घेऊन फिरले, सासूबाई विचारत होत्या फुलांना कपडे शिवणार काय. जास्वंद साडेअकरा सेंटिमीटर, अनंत आठ, गोकर्ण साडेचार, अबोली तीन, मोगरा अडीच.

बांयच्या कठड्याला टेकून 250 वर पिवळी जास्वंद काढली. टाकी पार गेली. मागे नुसता अळवाचा हिरवा रंग. तीच जास्वंद 55 वर काढून शेजारी ठेवली, ह्या दोघी एकाच झाडावरच्या आहेत हे पटेना. 50 चा विचार सोडला.

दोन गोष्टी अडल्या आहेत. लाल जास्वंद जवळून बघितली की नुसता लाल गोळा दिसतो, पाकळीवरच्या सुरकुत्या गायब. फोकस बरोबर आहे, केसर स्वच्छ आहेत. आणि कळलावी आता फुलायला लागली आहे, तिच्यात कुठे फोकस धरायचा तेच कळत नाही, प्रत्येक पाकळी वेगळ्या दिशेला.


कुळागरातला (सावईवेरें):

लाल गोळ्याचं कारण लेन्समध्ये नाही. सेन्सर लाल, हिरवा, निळा असे तीन रंग वेगवेगळे मोजतो. जास्वंदीतून येणारा उजेड जवळजवळ सगळा लाल, त्यामुळे लाल रंग काठोकाठ भरून सांडतो आणि बाकीचे दोन रिकामेच राहतात. साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तिन्हींची सरासरी दाखवतो, म्हणून त्यात सगळं ठीक दिसतं. फोटो बघताना इन्फो बटण दाबत जा, तीन रंगांचे वेगळे आलेख येतील. लाल आलेख उजव्या भिंतीला चिकटला असेल तर एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप खाली आणा आणि पुन्हा काढा. पिक्चर स्टाइल लँडस्केपवर असेल तर फेथफुलवर घ्या, लँडस्केप रंग आणखी भडक करते. रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) काढलंत तर नंतर सुरकुत्या ओढून काढता येतात. ऊन टाळा. ढगाळ सकाळ ह्या फुलाला सगळ्यांत चांगली, आणि पावसाळ्यात आपल्याकडे तिची कमी नाही. अबोलीचा केशरीही असाच सांडतो, तिथेही आलेख बघा.

कळलावीच्या सहा पाकळ्या वर उलटलेल्या, सहा केसर खाली आडवे पसरलेले, आणि मधला कुक्षीचा (स्त्रीकेसराच्या टोकाचा) दांडा काटकोनात वळून एका बाजूला गेलेला. सगळं एका फोकसमध्ये येणार नाही, ते मनातून काढून टाका. फुलाच्या उंचीला गुडघे टेकून बसा आणि बरोब्बर बाजूने बघा. भोवती थोडं फिरलात की अशी एक जागा सापडते जिथून कुक्षी आणि निदान दोन केसर एकाच अंतरावर असतात. फोकस तिथे. पाकळ्यांच्या लाटा एफ 8 ला पुरेशा ओळखू येतात, त्या किंचित सुटल्या तर सुटू द्या. नवं फूल हिरवट-पिवळं असतं आणि वय वाढेल तसं लाल होत जातं, तेव्हा एकाच वेलीवर दोन्ही रंग दिसतील अशी चौकट शोधा. सकाळी लवकर जा, उशिरा खाऱ्या वाऱ्याने वेल हलायला लागली की फोटो हातचा जातो. आणि फूल वाकवण्यासाठी हाताळलंत तर हात धुऊन मगच दुसरं काम, झाड मुळापासून शेंड्यापर्यंत विषारी आहे. सासूबाईंना हे नक्की माहीत असणार.


बार्देसचा:

वापरलेली टॅमरॉन किंवा 100 एल बघायला गेलात तर टॉर्च घेऊन जा. मागून टॉर्च मारून पुढून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढऱ्या रेषा दिसल्या तर ती बुरशी, किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका. आपल्या हवेत तो धोका घरच्या लेन्सनाही आहे. कॅमेरा कपाटात कपड्यांत ठेवू नका. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, काटा 40 ते 50 टक्क्यांत राहील असं बघा. जेल रंग बदलणारं घेतलंत तर कधी तापवून सुकवायचं ते कळतं.


परसातली (फोंडा):

एक स्टॉप खाली आणल्यावर लाल जास्वंदीच्या सुरकुत्या आल्या! रेनॉक्स मागवते आहे, मॅक्रो ह्या वर्षी नाही. शेवटचं विचारते, कॅलेंडरला फूल चौकटीत काठोकाठ भरू की जागा सोडू? छपाईला पिक्सेल कमी पडतील अशी भीती वाटते.


कुळागरातला (सावईवेरें):

सोडा जागा. तुमचा फोटो 6000 बाय 4000 पिक्सेलचा, आणि 12 बाय 18 इंचांचं प्रमाण अगदी तेच, दोनास तीन. पूर्ण चौकट छापली तर इंचाला 333 पिक्सेल मिळतात, भिंतीवरच्या कागदाला 240 पुष्कळ झाले. म्हणजे चौकटीची एक चतुर्थांश रुंदी आणि त्याच प्रमाणात उंची कापली तरी चालेल. सगळी बारा फुलं तारखांसाठी एकाच बाजूला जागा सोडून काढा, उदाहरणार्थ खाली, आणि ती बाजू सासूबाईंना आधी विचारून ठरवा. पान उभं की आडवं तेही त्याच वेळी पक्कं करा, कारण जाई वर्षभर थांबणार नाही.